‘बरं’ म्हणजे ‘हो’ नव्हे

चेन्नईत शिकणाऱ्या मुलीचा घरी फोन येतो. “आई, आमच्या टीममध्ये तीन जण सिंगापूरचे आहेत, दोघं इथलेच तमिळ आहेत आणि लीडर मला केलंय!” घरात आनंदीआनंद. आजी देवापुढे साखर ठेवते, बाबा लगेच मावशीला कळवतात. चार दिवसांनी दुसरा फोन येतो तेव्हा आवाज बारीक झालेला असतो. “कुणी काही बोलतच नाही गं. सगळे ओके म्हणतात आणि काम मात्र पुढे सरकत नाही.”

आजच्या आपल्या गप्पा या दुसऱ्या फोनबद्दल आहेत.

वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवायचं, त्यांना एक खरी अडचण द्यायची आणि ती सोडवणारा एखादा व्यवसाय उभा करायला सांगायचं, असे उपक्रम आता बऱ्याच कॉलेजांत होतात. कुठे ते दोन दिवसांचे असतात, कुठे दोन महिन्यांचे. चेन्नईचंच एक ठळक उदाहरण बघा. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस आयआयटी मद्रासमध्ये सिंगापूर-इंडिया हॅकेथॉन झाली. आदल्या वर्षी ती सिंगापूरच्या नान्यांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत झाली होती. चेन्नईत दोन्ही देशांची मुलं एकत्र बसली आणि ३६ तास काम करत राहिली. ३० सप्टेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी बक्षीस समारंभाला आले. कोण लक्ष देतंय आणि कोण नाही हे ओळखणारा कॅमेरा एका टीमने मांडला होता. तो आपल्याला फार आवडला, संसदेसाठी उपयोगी पडेल, लोकसभा अध्यक्षांशी बोलतो, असं ते म्हणाले आणि सभागृहात हशा पिकला.

बातमीत एवढंच येतं. ३६ तासांत सहा अनोळखी माणसांनी एकमेकांशी कसं जमवून घेतलं, हे बातमीत येत नाही. आणि घरी येणारा दुसरा फोन नेमका त्याबद्दलच असतो.

तीन गावं, तीन पाणी

एक टीम डोळ्यांसमोर आणू या. विषय आहे पाणी. लीडर आहे लातूरची मुलगी, दोघं चेन्नईचे, तिघं सिंगापूरचे. विषय ऐकताच सगळे म्हणतात, “सोपं आहे, एखादं ॲप करू.” गाडी इथेच घसरते, कारण ‘पाणी’ या शब्दाने सहा जणांच्या डोळ्यांसमोर सहा चित्रं उभी राहिलेली असतात.

लातूरच्या मुलीला २०१६ चा उन्हाळा आठवतो. पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेगाडी पाणी घेऊन आली, ती बघायला लोक स्टेशनवर जमले. तिच्या लेखी पाणी म्हणजे घागर, रांग आणि रात्री-अपरात्री येणारा टँकर.

चेन्नईच्या दोघांना २०१९ आठवतं. पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी पुरवणारे चारही जलाशय जवळपास कोरडे पडले. १२ जुलैला जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर पाणी घेऊन शहरात आली. रंगीबेरंगी प्लास्टिकचे घडे, ज्यांना तमिळमध्ये ‘कुडम’ म्हणतात, गल्लोगल्ली रांगेत लागले. लातूरची गाडी आणि चेन्नईची गाडी यांत तीन वर्षांचं अंतर आहे, पण दोन्ही गावांची मुलं एकमेकांना हे सहसा सांगत नाहीत. तामिळनाडूने २००३ मध्ये प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं केलं, हेही लातूरच्या मुलीला कुणी सांगितलेलं नसतं.

सिंगापूरच्या तिघांनी असा टँकर बघितलेला नसतो. पण पाणी ही त्यांच्याही देशाची दुखरी नस आहे. शेजारच्या मलेशियातल्या जोहोरमधून त्यांना पाणी घ्यावं लागतं. त्याचा १९६२ चा करार २०६१ मध्ये संपतो. म्हणून त्यांनी सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची व्यवस्था उभी केली, त्या पाण्याला ‘न्यूवॉटर’ असं नाव दिलं आणि ते प्यायला लोकांचं मन वळवलं. त्यांच्या मनात पाणी म्हणजे यंत्रणा, करार आणि लोकांचा विश्वास.

आता सांगा, यातलं कुठलं चित्र चुकीचं? एकही नाही. लीडरने पहिल्या तासात ‘कल्पना सांगा’ असं म्हटलं, तर ज्याचं इंग्रजी फर्डं त्याची कल्पना जिंकते. त्याऐवजी ‘तुझ्या घरी पाणी कधी गेलं होतं, तेव्हा काय केलंत?’ असं विचारलं, तर सहा जणांकडून सहा खऱ्या गोष्टी मिळतात. त्यातली अडचण कुणाची, तिच्यासाठी पैसे कोण मोजेल आणि कशासाठी मोजेल, हे प्रश्न त्यातूनच सुटायला लागतात. ३६ तासांतले पहिले दोन तास अशा बोलण्यात गेले तर ते वाया गेले असं समजू नका. उद्योगाची भाषा बोलणारे याला ‘ग्राहक समजून घेणं’ म्हणतात. आपल्याकडे याला विचारपूस म्हणतात.

होकाराचे प्रकार

पुढचा घोटाळा होकाराचा.

आपण मराठीत ‘बरं’ म्हणतो. ‘उद्या संध्याकाळपर्यंत आकडे दे.’ ‘बरं.’ या ‘बरं’चा अर्थ ‘देतो’ असा होऊ शकतो, ‘ऐकलं’ असा होऊ शकतो आणि ‘आता तू गप्प बस’ असाही होऊ शकतो. तमिळमध्ये ‘सरी’ नेमकं हेच काम करतं. आपण ‘बघू या’ म्हणून विषय टाळतो, ते ‘पार्कलाम’ म्हणतात. शब्दशः अर्थ तोच, टाळाटाळही तीच. सिंगापूरच्या बोलीत प्रत्येक गोष्टीला ‘कॅन’ हे उत्तर मिळतं. ‘कॅन’ म्हणजे होईल, जमेल. पण ते कुठल्या सुरात म्हटलं यावर पुष्कळ अवलंबून असतं. त्यात चेन्नईत ‘कॅन’ म्हणजे घरोघरी येणारा वीस लिटरचा पाण्याचा जार! पाण्यावर काम करणाऱ्या टीममध्ये या एका शब्दावरून काय गंमत होईल, ते तुम्हीच बघा.

एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ च्या आपल्या पुस्तकात यावर लिहिलं आहे. काही समाजांत बहुतेक अर्थ शब्दांत असतो. काही समाजांत तो प्रसंगात, नात्यात आणि न बोललेल्या गोष्टींत असतो. आपण बहुतेक जण दुसऱ्या प्रकारचे. ‘नाही’ असं तोंडावर म्हणणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. घरात चालतं, कारण घरच्यांना आपला चेहरा वाचता येतो. सहा महिन्यांपूर्वी नाव न ऐकलेल्या माणसाला तो कसा वाचता येणार?

यावर उपाय साधा आहे. ‘जमेल का?’ हा प्रश्नच विचारायचा नाही. त्याचं उत्तर कायम ‘बरं’, ‘सरी’ किंवा ‘कॅन’ येणार. त्याऐवजी विचारायचं, ‘पहिलं काय करशील? किती वाजता दाखवशील? मध्ये काय अडू शकतं?’ शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण ‘नाही’ न म्हणता अडचण सांगायची वाट तो मोकळी करतो. ‘मला हे येत नाही’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. ‘हे सॉफ्टवेअर इथे चालेल की नाही अशी शंका आहे’ असं म्हणायला रेटते. अर्थ बहुतेक वेळा एकच असतो.

अण्णा, अक्का आणि गप्प बसणारे

आपले आणि तमिळचे काही शब्द सख्ख्या भावंडांसारखे आहेत. तिकडे ‘अण्णा’ म्हणजे मोठा भाऊ, ‘अक्का’ म्हणजे मोठी बहीण. आपल्याकडेही जुन्या घरांत अण्णा आणि अक्का होतेच. त्यामुळे चेन्नईच्या मुलांनी लातूरच्या मुलीला पहिल्याच दिवशी ‘अक्का’ म्हटलं, की तिला घरच्यासारखं वाटतं.

पण इथे एक मेख आहे. अक्काला ‘तुझं चुकतंय’ असं कोण सांगणार? आदराने जवळीक येते, तशी जीभही बांधली जाते. सिंगापूरचा विद्यार्थी एकमेकांना नावाने हाक मारतो, पण वयाने किंवा वर्गाने मोठा असलेल्याचा मान तिथेही राखला जातोच. मग होतं असं, की सहा जणांतले दोघं बोलतात, चौघं मान डोलावतात. तिसाव्या तासाला कळतं, की चौघांपैकी एकाला चूक सुरुवातीपासूनच दिसत होती.

म्हणून लीडरने दोन गोष्टी कराव्यात. पहिली, कुठल्याही मोठ्या निर्णयाआधी पाच मिनिटं सगळ्यांनी आपापलं मत कागदावर लिहायचं आणि मग बोलायचं. बोलायची सुरुवात वयाने किंवा वर्गाने सगळ्यांत लहान असेल त्याने करायची, लीडरने शेवटी. लीडर आधी बोलली, की बाकीचे तिच्याच मताची री ओढतात. दुसरी, दर काही तासांनी एकाला खोट काढायचं काम द्यायचं. त्या वेळापुरतं त्याचं कामच ते, की या योजनेत काय फसू शकतं ते सांगायचं. मग अक्काची चूक दाखवणं हा उद्धटपणा राहत नाही, नेमून दिलेलं काम होतं.

जीभ अडली म्हणून डोकं अडत नाही

आता ज्या गोष्टीत खरोखर कुणाचं तरी नुकसान होतं, तिच्याकडे येऊ.

अशा टीमची भाषा इंग्रजी असते. जिल्ह्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेली मुलगी मनात आधी मराठीत वाक्य जुळवते, मग ते इंग्रजीत आणते. तोवर चर्चा पुढच्या मुद्द्यावर गेलेली असते. दोन-तीनदा असं झालं की ती बोलायचं सोडते. मग टीम तिला ‘मदतीचं’ काम देते: स्लाइड सजव, चहा-कॉफीचं बघ, नोंदी ठेव. दोन दिवसांनी ती घरी जाते, ती ‘आपल्याला हे जमणारं नाही’ अशी खूणगाठ बांधून. पाण्याची रांग टीममध्ये कदाचित तिनेच लावलेली असते. ग्राहक कसा विचार करतो हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. ती गप्प बसली तर नुकसान तिचं आहेच, टीमचंही आहे.

इथे एक गंमत लक्षात घ्या. सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांमध्ये तमिळ आहे. म्हणजे सिंगापूरहून आलेली एखादी तमिळ मुलगी चेन्नईच्या रिक्षावाल्याशी, टँकरवाल्याशी, मैलापूरच्या भाजीवाल्या आजींशी सरळ बोलू शकते आणि भारतीय पासपोर्ट असलेली आपली लातूरची मुलगी मात्र बाजूला उभी राहते. परका कोण, हे पासपोर्टवरून ठरत नाही. ज्याला त्या क्षणी भाषा कळत नाही तो परका. दिवसभरात प्रत्येकावर ही पाळी येते. टीमला हे कळलं की एकमेकांना सांभाळून घेणं आपोआप सुरू होतं.

आणि चेन्नईत भाषा शिकता येते, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण तुम्हाला माहीतच आहे. १९५० मध्ये बंगळूरच्या एका मराठी कुटुंबात शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा जन्मला. बसमध्ये कंडक्टर झाला, मग अभिनय शिकायला मद्रासला आला. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला तमिळ बोलायला शिक असं सांगितलं. तो शिकला. १९७५ मध्ये त्याचा पहिला तमिळ चित्रपट आला आणि पुढे जग त्याला रजनीकांत म्हणून ओळखू लागलं. सुरुवातीला त्याची तमिळ बिनचूक असण्याची कुणी वाट बघत बसलं नाही.

तेव्हा लीडरने स्वतः वीस तमिळ शब्द शिकावेत. तण्णी म्हणजे पाणी, आमा म्हणजे हो, इल्ल म्हणजे नाही, पुरियल म्हणजे कळलं नाही. हा शेवटचा शब्द टीममध्ये मोठ्याने आणि न लाजता वापरायची सवय लावावी. लीडरनेच दिवसातून चारदा ‘पुरियल’ म्हटलं, तर इतरांनाही म्हणायला संकोच वाटत नाही. बोलणं अवघड जाणाऱ्याला लिहू द्यावं, चित्र काढून दाखवू द्यावं, फोनवरच्या भाषांतराचा आधार घेऊ द्यावा. आणि परीक्षकांपुढे ज्याने काम केलं त्यानेच ते मांडावं, अडखळत का होईना. खरं काम केलेल्या माणसाच्या अडखळण्यातही वजन असतं.

जेवण हेही कामच

एकत्र काम करणाऱ्यांत भांडण बहुधा तत्त्वावरून होत नाही, भुकेवरून आणि झोपेवरून होतं. कुणी शाकाहारी असतो, कुणाला हलालच लागतं, कुणाचा उपवास असतो, कुणाला तिखट सोसत नाही. हे पहिल्या तासात विचारून ठेवायचं. झोपेच्या पाळ्या लावायच्या. ‘मी रात्रभर जागलो’ ही फुशारकी पहाटे चार वाजता चुकीचा आकडा टाकते.

चेन्नईत जेवण हा मैत्रीचा सगळ्यांत जवळचा रस्ताही आहे. सांबार तंजावरच्या मराठी दरबारात जन्मलं अशी एक दंतकथा सांगतात. ती खरी की रचलेली, यावर इडली खाता खाता खुशाल वाद घालावा. पण व्यंकोजीराजांपासून, म्हणजे १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं, आणि त्या काळी तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांचे वंशज आजही चेन्नईत आपल्या खास वळणाची मराठी बोलतात, हे मात्र खरं. कॉलेजच्या आवारातली हरणं बघत फिल्टर कॉफी घेताना हे सांगितलं, तर तमिळ मित्रही चार गोष्टी सांगतील. त्या अर्ध्या तासात जो विश्वास तयार होतो, तो मीटिंगमध्ये होत नाही.

आणि हे आवारही देशोदेशींच्या माणसांनी मिळून उभं केलेलं आहे. आयआयटी मद्रास १९५९ मध्ये सुरू झाली ती पश्चिम जर्मनीच्या मदतीने. जर्मन प्राध्यापक इथे येऊन शिकवत, इथले शिक्षक तिकडे जाऊन शिकत. त्यांनाही एकमेकांचं ‘बरं’ कळायला वेळ लागलाच असेल.

नाव कुणाचं, पैसे कुणाचे

हा मुद्दा सगळ्यांत आधी बोलायला हवा आणि तोच सगळ्यांत शेवटी बोलला जातो. कल्पना कुणाची? बक्षिसाची रक्कम कशी वाटायची? उपक्रम संपल्यावर हे काम पुढे न्यायचं ठरलं, तर कोण राहणार, कोण बाहेर पडणार? बाहेर पडणाऱ्याचं नाव कुठे लिहायचं?

पैशाचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो. ‘मित्रामित्रांत काय हिशोब’ असं म्हणतो आणि नंतर त्याच हिशोबावरून मैत्री तुटते. पहिल्या दिवशी, कुणीच काही जिंकलेलं नसताना, एका कागदावर पाच ओळी लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. वकिलाची गरज नाही. जिंकण्याआधी हे पाच मिनिटांत ठरतं. जिंकल्यानंतर पाच महिने लागतात.

दोन दिवसांत कंपनी तयार होत नाही, हेही मुलांना आणि पालकांना ठाऊक असावं. आयआयटी मद्रासमध्ये वाढलेल्या अग्निकुल या अवकाश कंपनीचं उदाहरण घ्या. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि तिचं पहिलं चाचणी-उड्डाण श्रीहरिकोट्याहून ३० मे २०२४ ला झालं. मध्ये सात वर्षं गेली. हॅकेथॉनमध्ये मिळते ती माणसं पारखायची संधी. सहा जणांतला एक जण असा सापडला, की ज्याच्यासोबत सात वर्षं काढता येतील, तर बक्षीस न मिळताही तो दौरा वसूल झाला.

घरच्यांसाठी दोन शब्द

आता ज्यांच्या घरी तो बारीक आवाजातला फोन आला आहे, त्या आई-बाबांसाठी.

‘कितवा नंबर आला?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा. त्याऐवजी विचारा, ‘तुमच्यात सगळ्यांत कमी कोण बोलतं? त्याला काय वाटतं, ते तुला ठाऊक आहे का?’ तुमच्या मुलीने थांबून म्हटलं, ‘अगं, मी विचारलंच नाही,’ तर फोन ठेवल्यावर ती नक्की विचारेल. आणि टीममध्ये सगळ्यांत कमी बोलणारी तीच असेल, तर तेही या प्रश्नातून तुम्हाला कळेल. मग उपदेश न करता एवढंच सांगा, की लातूरच्या पाण्याच्या रांगेबद्दल तुला जे ठाऊक आहे ते त्या खोलीत दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही, आणि ते मोडक्या इंग्रजीत सांगितलं तरी चालतं.

ती ‘बरं’ म्हणेल. त्या ‘बरं’वर फोन ठेवू नका. हळूच विचारा, ‘कधी सांगशील?’

तुमच्या घरातलं कुणी अशा टीममध्ये गेलं असेल, तर तिथे शिकलेला परक्या भाषेतला एखादा शब्द आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी त्यातल्या काहींवर गप्पा मारू.